जेलस की एन्व्हियस? आणि अर्जुनाची एक पात्रता



आजचं वाचन : श्रीमद्भगवद्गीता, अध्याय ९, श्लोक १.

नववा अध्याय उघडला की आपण सगळे राजविद्या-राजगुह्य या शब्दांकडे धाव घेतो. त्याच्या आधीच्या श्लोकात एक छोटासा शब्द आहे, तो घाईत मागे राहतो. भगवान अर्जुनाला म्हणतात की, आता तुला सगळ्यात गुप्त असं ज्ञान सांगतो, नुसतं ज्ञान नाही तर अनुभवासकट सांगतो, ते कळलं की तू अशुभातून सुटशील. हे कोणाला सांगतात? तर 'अनसूयू' असलेल्या तुला.

बघा, इथे भगवान अर्जुनाला शूर म्हणत नाहीत, हुशार म्हणत नाहीत. चौथ्या अध्यायात योग सांगताना 'तू माझा भक्त आहेस, सखा आहेस' असं कारण दिलं होतं. इथे सगळ्यात मोठं गुपित उघडताना एकच पात्रता सांगितली : तुझ्यात असूया नाही.

आता असूया म्हणजे काय? आमच्या शनिवारच्या वाचनाला येणाऱ्या एका कॉलेजच्या मुलीने पटकन उत्तर दिलं, "जेलसी!" दुसरी म्हणाली, "नाही गं, एन्व्ही." पहिली म्हणाली, "एकच की!" मग त्या दोघींचा वाद रंगला आणि बाकीचे आम्ही ऐकत बसलो. तोच धागा आज पकडूया, कारण तो थेट गीतेपर्यंत जातो.

दोन इंग्रजी शब्द

मैत्रिणीने मनालीचे फोटो टाकले की आपण खाली लिहितो, 'सो जेलस!' आणि पुढे एक बदाम. खरं तर इथे जुन्या, काटेकोर इंग्रजीत 'एन्व्हियस' हवं. बोलताना इंग्रज माणूससुद्धा दोन्हीकडे 'जेलस' वापरतो आणि कोशांनीही ते मान्य केलंय, त्यामुळे कुणाची चूक काढायला जाऊ नका. पण मूळ फरक समजून घेण्यासारखा आहे.

जेलसी म्हणजे जे माझं आहे ते जाईल की काय, ही भीती. तिथे बहुतेक वेळा तीन माणसं लागतात : मी, माझं माणूस, आणि मधे येणारा तिसरा. माझी जिवलग मैत्रीण हल्ली ऑफिसातल्या दुसऱ्याच कुणाबरोबर चहाला जाते, तेव्हा होतं ते हे.

एन्व्ही म्हणजे जे दुसऱ्याचं आहे ते बघून होणारं दुःख. तिथे दोन माणसं पुरतात : तो आणि मी. त्याच्याकडे आहे, माझ्याकडे नाही, आणि हे मला बघवत नाही. माझं काहीही गेलेलं नसतं, तरीही दुखतं.

थोडक्यात, जेलसी मूठ घट्ट आवळते. एन्व्ही दुसऱ्याच्या मुठीकडे बघत बसते.

शब्दांची मुळं बघितली तर आणखी मजा आहे. 'जेलस' हा शब्द ग्रीक 'झेलोस'वरून आला. त्याच मुळातून 'झील' म्हणजे उत्साह, तळमळ हा शब्दही आला. ॲरिस्टॉटलने तर 'झेलोस' चांगल्या अर्थाने घेतलाय. दुसऱ्याचं चांगलं बघून आपणही तसं व्हावं म्हणून झटणं म्हणजे झेलोस, आणि शेजाऱ्याला ते मिळूच नये म्हणून झटणं म्हणजे मत्सर, असा फरक त्याने केला.

'एन्व्ही' मात्र लॅटिन 'इन्व्हिडिया'वरून आला, आणि त्या शब्दात 'बघणं' आहे. वाकड्या डोळ्याने बघणं. म्हणजे आपली आजी जिला दृष्ट म्हणते आणि मीठ-मोहऱ्या ओवाळून चुलीत टाकते, तीच! इटालियन कवी दान्तेने शुद्धीच्या डोंगरावर मत्सरी जिवांचं वर्णन केलंय, तिथे त्यांचे डोळे तारेने शिवलेले दाखवलेत. ज्या इंद्रियाने पाप केलं त्यालाच शिक्षा. आपल्या मराठीतही बघा ना : दुसऱ्याचं सुख डोळ्यांत खुपतं, डोळ्यांवर येतं, बघवत नाही. सगळीकडे डोळाच.

महाभारत-रामायणातली दोन माणसं

हा फरक पुस्तकी वाटत असेल तर कैकेयी आणि दुर्योधन यांना शेजारी उभं करा.

रामाला राज्याभिषेक होणार ही बातमी मंथरेने आणली, तेव्हा वाल्मीकींची कैकेयी आनंदते. मंथरेला दागिना बक्षीस देते. रामाबद्दल तिच्या मनात काहीच वाकडं नाही. मग मंथरा काय करते? ती कैकेयीला रामाचं वैभव दाखवत बसत नाही. ती तिला भीती घालते : उद्या कौसल्या राजमाता होईल, तू तिच्यापुढे हात जोडून उभी राहशील, तुझ्या भरताचं काय होईल? म्हणजे 'तुझं जाईल'. ही जेलसी. प्रेमळ बाईचं मनसुद्धा भीतीने किती लवकर फिरतं, ते तिथे दिसतं.

दुर्योधनाचं उलट. राजसूय यज्ञाला तो इंद्रप्रस्थात गेला, मयसभेत फजिती झाली, आणि परतताना तो जळतच आला. धृतराष्ट्र त्याला विचारतो की, तुला खायला-प्यायला, ल्यायला काय कमी आहे? आणि खरंच काही कमी नव्हतं. हस्तिनापूर त्याच्याच घरात होतं. पांडवांनी त्याचं काही घेतलं नव्हतं, त्यांनी उजाड रान घेऊन त्यावर नगर उभं केलं होतं. तरी त्याला जेवण गोड लागेना. ही एन्व्ही. म्हणून द्यूतात त्याला नुसतं राज्य जिंकून पुरलं नाही. त्याला त्यांची मानहानी डोळ्यांनी बघायची होती. 'मलाही मिळावं' एवढ्यावर हा रोग थांबत नाही, 'त्याचं जावं' इथपर्यंत जातो.

आपले शब्द मात्र वेगळ्या जागी वाटणी करतात

आता गंमत इथे आहे. आपल्याला वाटतं, जेलसी म्हणजे ईर्ष्या, एन्व्ही म्हणजे मत्सर किंवा असूया, झालं भाषांतर. पण तसं तंतोतंत बसत नाही. मराठीत 'सवतीमत्सर' म्हणतात, ती खरं तर इंग्रजीतली जेलसी आहे. 'हेवा' म्हणजे एन्व्ही, पण 'तुझा हेवा वाटतो' हे आपण कौतुकानेही म्हणतो.

अमरकोशात ईर्ष्या आणि असूया एकाच ओळीत, एकमेकींना खेटून बसल्या आहेत. तिथे दिलेला अर्थ असा : ईर्ष्या म्हणजे न सोसणं. असूया म्हणजे दुसऱ्याच्या गुणांवरही दोष लादणं.

हे परत एकदा वाचा. इंग्रजी जोडी विचारते, दुखतंय ते कशावरून? माझं जाईल म्हणून की त्याचं आहे म्हणून? संस्कृत जोडी वेगळाच प्रश्न विचारते : दुखल्यावर तू काय केलंस? आतल्या आत नुसतं सोसवलं नाही, की त्याच्या चांगल्याला वाईट ठरवायला निघालास?

ईर्ष्या ही कळ आहे. असूया हा त्या कळेने दिलेला खोटा निकाल आहे.

आमच्या फणसवाडीत आणि एकूणच गिरगावात हा निकाल रोज लागतो. एका चाळीचा पुनर्विकास होऊन टॉवर उभा राहतो, शेजारची चाळ अजून टेकूंवर उभी असते. एका घरात लिफ्ट आली, दुसऱ्या घरातली आजी अजून लाकडी जिन्याचा कठडा धरून उतरते. खालून वर बघताना कळ येणारच. ती यायला माणूस वाईट असावा लागत नाही. पण पुढचं वाक्य ऐका : "काहीतरी सेटिंग केलं असणार." मुलगी सीए झाली? "क्लासला एवढे पैसे ओतले, मग काय!" मुलगा जर्मनीला गेला? "तिकडे जाऊन भांडीच घासायची." हे वाक्य बोलणाऱ्याला खरं काय ते माहीतही नसतं. त्याला फक्त आपली कळ थांबवायची असते, आणि त्यासाठी समोरच्याचं यश लहान करणं हा सगळ्यात स्वस्त उपाय असतो.

आणि भक्तीत? तिथे तर असूया सोवळं नेसून येते. "तो वारीला जातो, पण रील काढायला." "ती इतकी पारायणं करते, पण सासूशी कशी वागते बघा." "त्यांच्या कीर्तनात अर्थ काही नाही, नुसती पेटी-तबला." कधीकधी यातलं एखादं खरंही असेल. पण आपण ते सत्यासाठी बोललो, की आपल्या पोटातल्या दुखण्यासाठी, हे आपल्याला आत कुठेतरी ठाऊक असतं.

मग अर्जुन स्वच्छ होता का?

इथे एक अवघड प्रश्न येतो आणि तो टाळता येत नाही. ज्या अर्जुनाला भगवान अनसूयू म्हणतात, त्याच अर्जुनाची एकलव्याची गोष्ट आपण सगळ्यांनी ऐकली आहे.

आदिपर्वात पांडव शिकारीला जातात, त्यांचा कुत्रा भुंकतो, आणि एकलव्य त्याचं तोंड बाणांनी भरून टाकतो. ते कौशल्य बघून सगळे थक्क होतात. अर्जुन एकांतात द्रोणांना गाठतो आणि आठवण देतो की, तुमचा कोणताही शिष्य माझ्यापेक्षा वरचढ होणार नाही असं तुम्ही मला म्हणाला होतात. पुढे काय झालं ते माहीतच आहे. एका मुलाचा अंगठा गेला.

अर्जुनाला झालं ते काय? शंभर टक्के जेलसी. गुरू, गुरूचा शिष्य, आणि मधे आलेला तिसरा. आपली पहिली जागा जाईल ही भीती. आणि त्या भीतीची किंमत भलत्यानेच मोजली. यावर पांघरूण घालायचं कारण नाही. जेलसी म्हणजे गोड, प्रेमळ दोष असं ज्यांना वाटतं, 'प्रेम आहे म्हणून जेलस होतो' असं जे म्हणतात, त्यांनी एकलव्याचा हात डोळ्यांपुढे आणावा.

पण एक गोष्ट नीट बघा. त्या वेळी अर्जुनाने काय म्हटलं नाही? 'तो मुलगा काही विशेष नाही' असं तो म्हणाला नाही. 'कुत्र्यावर बाण मारणं म्हणजे काय धनुर्विद्या?' असं म्हणाला नाही. उलट, तो माझ्यापेक्षा वरचढ आहे हे त्याने मान्य केलं, आणि म्हणूनच तो अस्वस्थ झाला. कळ होती, भीती होती, स्वार्थ होता. पण समोरच्याचा गुण त्याला गुणच दिसला. डोळा वाकडा झाला नाही.

मला वाटतं, भगवंतांनी अर्जुनात हेच पाहिलं असावं. निर्दोष माणूस त्यांनी शोधला नाही, तसा शोधला असता तर गीता सांगायला कुणी मिळालाच नसता. चांगल्याला चांगलं म्हणू शकणारा माणूस त्यांनी निवडला. ज्याला गुण दिसतो त्यालाच तो घेता येतो. ज्याने आधीच 'यात काय मोठंसं' ठरवून टाकलं, त्याच्यापुढे साक्षात श्रीकृष्ण बोलले तरी तो म्हणणार, 'सारथीच तर आहे.'

म्हणून गीता या शब्दाकडे पुन्हा पुन्हा वळते. तिसऱ्या अध्यायात, जे श्रद्धेने आणि असूया न ठेवता या मताप्रमाणे वागतात ते कर्मातून सुटतात. अठराव्यात, जो माझ्याबद्दल असूया बाळगतो त्याला हे सांगू नकोस. आणि लगेच पुढे, श्रद्धेने व असूया न ठेवता जो नुसता ऐकेल तोही मुक्त होईल. सांगणाऱ्यासाठी, वागणाऱ्यासाठी आणि ऐकणाऱ्यासाठी अट तीच.

अत्रींच्या आश्रमात

दत्तभक्तांना हा शब्द घरचा आहे, कारण दत्तगुरूंची आई म्हणजे अनसूया. जिच्यात असूया नाही ती.

तिची गोष्ट दोन तऱ्हांनी सांगतात. गुरुचरित्राच्या चौथ्या अध्यायात इंद्रादी देव तिच्या पातिव्रत्याचं तेज बघून घाबरतात, आपलं स्थान जाईल म्हणून त्रिमूर्तींकडे धाव घेतात. कीर्तनातून आपण ऐकतो ती गोष्ट वेगळी : नारद तिची स्तुती करतात आणि लक्ष्मी, पार्वती, सावित्री यांना ती सहन होत नाही. एकीकडे 'माझं जाईल', दुसरीकडे 'तिचं एवढं का?' आज सकाळी हे लक्षात आलं तेव्हा मी थोडा वेळ पोथी तशीच उघडी ठेवून बसलो. आपले दोन्ही इंग्रजी शब्द एकाच माउलीच्या दाराशी येऊन उभे राहतात!

आणि ती काय करते? परीक्षा बघायला आलेल्या, भलतीच अट घालणाऱ्या अतिथींमध्ये तिला लेकरं दिसतात. ती लेकरं होतात. तिने कुणाला शाप दिला नाही, कुणाची निंदा केली नाही. तिचा डोळाच तसा होता.

औषध एक नाही, दोन आहेत

पतंजलींच्या योगसूत्रांत पहिल्या पादात तेहेतिसावं सूत्र आहे. मन प्रसन्न राहण्यासाठी सुखी माणसांशी मैत्री, दुःखितांवर करुणा, पुण्यवानांबद्दल मुदिता म्हणजे आनंद, आणि अपुण्यवानांकडे उपेक्षा ठेवावी. वाचस्पती मिश्रांनी टीकेत प्रत्येक भावनेने मनातला कोणता मळ जातो ते सांगितलंय. मैत्रीने ईर्ष्येचा मळ जातो. मुदितेने असूयेचा.

किती नेमकं आहे हे! कुणाचं सुख सोसवत नाही? त्याला परका ठेवू नकोस. मित्राच्या घरी फ्रिज आला की आपल्यालाही गार पाणी मिळतं, हे चाळीतल्या लहान मुलाला शिकवावं लागत नाही. आणि कुणाच्या गुणात खोट काढावीशी वाटते? तोंडाने त्याचा गुण बोल. खोटी स्तुती नको. जेवढं खरं चांगलं दिसतं तेवढंच, पण मोकळेपणाने.

जेलसीसाठी आणखी एक आठवण ठेवा. फणसवाडीतलं व्यंकटेशाचं देऊळ तुम्हाला माहीत असेल, गिरगावच्या गल्लीत एकदम दक्षिणेत आल्यासारखं वाटतं. श्रीवैष्णव परंपरेच्या देवळांत दर्शनानंतर डोक्यावर शठारी ठेवतात. मुकुटासारखी दिसते, वर भगवंतांची पावलं असतात. पुढच्या माणसाच्या डोक्यावर ती टेकली म्हणून माझ्या वाट्याची पावलं कमी होत नाहीत. प्रेम, गुरुकृपा, विद्या, मैत्री या सगळ्या अशाच गोष्टी आहेत. आपण मात्र रेशनच्या रांगेत असल्यासारखे त्यांच्यासाठी भांडतो. फ्लॅट, नोकरी, बढती यांचं तसं नाही, तिथे एकाला मिळालं की दुसऱ्याचं राहतं, हे खरंच आहे. म्हणून तिथे कळ येते, आणि ती नाकारून चालत नाही. पण निदान देवाच्या दारात तरी रेशनची रांग लावू नये.

आजचा अभ्यास

आज दिवसभरात 'जेलस' हा शब्द तोंडात किंवा टायपिंगमध्ये आला की क्षणभर थांबा आणि तीन प्रश्न विचारा.

१. मला काही जाण्याची भीती वाटतेय का? वाटत असेल तर काय जाईल ते स्पष्ट नाव घेऊन स्वतःला सांगा. नाव घेतलं की भीती निम्मी होते.

२. की माझं काहीच जात नाहीये, फक्त त्याचं बघवत नाहीये? तसं असेल तर तसंच म्हणा. 'मला हेवा वाटतोय.' देवासमोर म्हणा, लाजायचं काही नाही.

३. आणि सगळ्यात महत्त्वाचा : या कळेपायी मी त्याच्या चांगल्याला वाईट म्हणायला निघालोय का?

पहिल्या दोघांची उत्तरं काहीही येऊ देत, ती एका दिवसात बदलणार नाहीत. तिसऱ्याचं उत्तर मात्र आत्ता, याच क्षणी आपल्या हातात आहे. ओठांवर आलेलं ते एक 'पण' गिळायचं. "छान झालं तिचं, पण..." यातला 'पण' काढून टाकायचा आणि 'छान झालं तिचं' इथे पूर्णविराम द्यायचा. सुरुवातीला घशात अडकेल. चालेल. अनसूयू होण्याची शाळा तिथूनच सुरू होते, आणि नवव्या अध्यायाचं दार त्या शाळेतल्यांनाच उघडतं.

उद्याचं वाचन : अध्याय ९, श्लोक २. राजविद्या म्हणजे काय, आणि भगवान ती आचरायला सोपी का म्हणतात, ते बघूया.

अवधूत चिंतन श्रीगुरुदेव दत्त.